शोधायचे पैसे कोण देतो?

वऱ्हाडात जुन्या गाडीच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुखण्यावर एकच औषध चालतं. सकाळी गाडी चालू होत नाही? बॅटरी बदला. काच हळू चढते? बॅटरी वीक झाली, बदला. हॉर्न घोगरा वाजतो? तेच. अमरावतीत राजापेठेला विचारा नाहीतर अकोल्यात टिळक रोडला, उत्तरात फरक नाही. आणि गंमत म्हणजे नवी बॅटरी टाकली की गाडी खरंच चालू होते. त्यामुळे निदान बरोबर होतं असं सगळ्यांनाच वाटतं. सात-आठ महिन्यांनी पुन्हा रड सुरू झाली की "आजकालच्या बॅटऱ्यांत दम नाही राहिला" एवढं बोलून विषय संपतो.

आपण आयटीवाले यावर हसतो. पण मंडळी, मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रात्री तीन वाजता रीस्टार्ट करायचा क्रॉन जॉब लावून वर्षानुवर्षं सुखाने झोपलेल्या टीम्स मी पाहिल्या आहेत. तेव्हा हसायचं जरा बेतानंच. रीस्टार्ट निदान फुकट असतो, इथे दर खेपेला चार-पाच हजार जातात.

यात मेकॅनिकचं अज्ञान असतं असं मला पूर्वीही वाटत नव्हतं आणि आता तर अजिबात वाटत नाही. गडबड आपल्या बाजूला आहे. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, दोष शोधायचे देत नाही. मग आपल्याला सुटे भागच मिळतात. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यापायी आमच्या घरची एक चांगली गाडी विकायला निघाली होती.

आधी थोडं गणित. (कंटाळा येत असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, पण मग पुढची मजा कळणार नाही.) छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. गाडी बंद, दारं बंद, किल्ली काढलेली, तरीही थोडा करंट वाहत असतोच: घड्याळ, स्टिरिओची मेमरी, सेंट्रल लॉकिंग वगैरे. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असला की चिंता नाही. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे दोन आठवडे गाडी उभी राहिली तर बॅटरी अर्धी. हेच ३०० मिलिअँपिअर झालं तर दिवसाला ७.२, आणि अडीच दिवसांतच बॅटरी अर्धी. चौथ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टक्-टक् करणार. डिकीतला एक साधा ५ वॉटचा दिवा चालू राहिला तरी ४०० मिलिअँपिअर जातात, म्हणजे आकडा काही फार मोठा नाही.

आपल्याकडे बॅटरीबद्दलचं सगळं ज्ञान इन्व्हर्टरवरून आलेलं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत घराघरात इन्व्हर्टर आले, उन्हाळ्यात कूलरला पाणी भरता भरता बॅटरीतही डिस्टिल्ड वॉटर टाकायची सवय लागली. चांगलंच आहे. पण इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोलवर रिकामी व्हायला आणि परत भरायला बनवलेली असते. गाडीची तशी नसते. तिच्या आत पातळ पातळ प्लेटा, त्यांचं काम दोन-तीन सेकंद जबरदस्त करंट देऊन स्टार्टर फिरवायचं आणि मग निवांत बसायचं. ती पूर्ण रिकामी झाली आणि तशीच दोन-चार दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. असं थोड्या वेळा झालं की नवी बॅटरीसुद्धा म्हातारी. म्हणजे बॅटरी खराब झाली हे मेकॅनिकचं म्हणणं खोटं नसतंच. ती खराब झालेलीच असते. कशामुळे झाली एवढंच कोणी पाहत नाही.

त्यात आपलं ऊन. बॅटरीला थंडी मारते असा समज आहे, पण खरं मारतं ते ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते असा ढोबळ हिशेब आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं, आठवत असेल. पारा ४५ च्या वर, आणि बंद बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या मे महिन्यात बॅटरी अर्धमेली होते आणि बातमी लागते डिसेंबरात, पहाटे थंड पडलेलं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो तेव्हा. मग सगळे म्हणतात, थंडीने गेली!

आता आमच्या घरची गोष्ट. बाबांची गाडी २००७ ची, एमएच-२७, छोटी हॅचबॅक, बेस मॉडेल. कंपनीतून आली तेव्हा हाताने काच फिरवायची. दोन वर्षांनी बाबांनी बाहेरून पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलं. त्या काळात हे सर्रास चालायचं. बेस मॉडेल घ्यायचं आणि अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात तिची "टॉप" करायची. :) गाडी फार चालत नाही. गुरुवारी एक फेरी, रविवारी एक फेरी, कधीमधी शेगाव. २०२० ते २०२४ या चार वर्षांत तिला तीन बॅटऱ्या लागल्या. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ऊन आहे, गाडी जुनी आहे, चालायचंच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये रात्री दीड वाजता आईला दम लागला. बाबांनी गाडी काढायला घेतली, तर टक्-टक्. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली, वेळेत दवाखान्यात पोचले, आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. मला पुण्यात सकाळी आठ वाजता कळलं. नऊ वाजता आमच्या भावंडांचा व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि सव्वानऊला निर्णयही झाला होता: गाडी विकून टाका, बाबा. अ‍ॅपवरून रिक्षा बोलवा. वय झालं आता.

हा निर्णय मला पटला नाही, आजही पटत नाही. आपण हिंजवडीत बसून आईवडिलांच्या आयुष्यातली एकेक गोष्ट अशी "डेप्रिकेट" करत असतो. रात्री दीड वाजता अमरावतीच्या एखाद्या आतल्या कॉलनीत अ‍ॅपवर किती रिक्षा दिसतात ते एकदा पाहा. आणि गाडी म्हणजे नुसता दवाखाना नाही. मनात आलं की उठून अकोल्याला बहिणीकडे जाता येणं, कोणाला फोन न करता, हे बाबांचं स्वातंत्र्य आहे. गाडीचं इंजिन उत्तम, पत्रा ठीक. पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ मध्ये पाच हजार रुपये भरून पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं. अशी गाडी भंगारात घालायचं कारण काय, तर दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते. हे म्हणजे नळ गळतो म्हणून घर विकण्यासारखं झालं.

दिवाळीत गेलो तेव्हा मीटर लावला. पद्धत अगदी सोपी आहे. सगळं बंद करायचं, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून केबल आणि टर्मिनल यांच्या मधे जोडायचा. बॉनेट उघडं, दारं लागलेली, आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, कारण गाडीतली काही यंत्रं झोपायला वेळ घेतात. या वेळात चुकूनही किल्ली फिरवायची नाही. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा तिथेच निकाल लागेल. आकडा आला ०.३१. म्हणजे ३१० मिलिअँपिअर. गुरुवार ते रविवार तीन दिवसांत २२ अँपिअर-अवर गेले, उरले तेरा. इतक्या वेळा रिकामी होऊन थकलेल्या बॅटरीतल्या तेरांत इंजिन फिरत नाही, आणि मधल्या सहा किलोमीटरच्या फेरीत अल्टरनेटर ती बॅटरी परत काय भरणार?

मग फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढून पाहायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो ते सर्किट दोषी. आपल्या भाषेत बायनरी सर्च नाही, सरळ लिनियर, पण चालतं. मी सगळे फ्यूज काढले. आकडा हलला नाही! म्हणजे जे काही खात होतं ते गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये नव्हतंच, बाहेरून जोडलेलं काहीतरी होतं. त्या रात्री निगेटिव्ह काढून ठेवली, आणि सकाळी भाऊबीजेला ताईकडे अकोल्याला निघालो.

(रस्ता आता काय झालाय! २०२२ च्या जूनमध्ये या अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबराची लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड केलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं याच रस्त्याने गाड्यांचे सांधे खिळखिळे केले, हेही लिहून ठेवायला हवं. सैल झालेली निम्मी कनेक्टरं मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडेच सैल झाली असतील.)

ताईच्या घराजवळ एक मिस्त्री बसतात. टपरीवजा दुकान, पन्नाशीचे, ऑटो इलेक्ट्रिकचंच काम. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, मीटरचे आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "काच किल्लीबिना बी चालते काय तुमची?"

बाबा म्हणाले, "हो, चालते ना. दोन-तीन वर्षं झाली. बरंच आहे, गाडी बंद केल्यावर काच राहिली तर किल्ली लावायला नको."

मिस्त्री हसले. "मंग झालं ना भाऊ. तेच खाते तुमची बॅटरी."

मीटर त्यांच्याकडे होता, पण त्यांनी काढला नाही. दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब काढला, निगेटिव्ह केबल आणि टर्मिनलच्या मधे धरला. बल्ब पेटला. निरोगी गाडीत २०-३० मिलिअँपिअर असतात, त्यावर हा बल्ब पेटतच नाही. पेटला म्हणजे गळती आहे. मग डॅशबोर्डखाली वाकून, इन्सुलेशन टेपच्या एका चिकट गोळ्यातून (आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळून सगळीकडे पसरतो) त्यांनी पॉवर विंडोची वायर शोधली. थेट बॅटरीवरून घेतलेली, स्वतःचा वेगळा फ्यूज बॉनेटखाली कुठेतरी लटकणारा. तो फ्यूज ओढला, बल्ब विझला. त्याच वायरवर एक रिले होता. किल्ली फिरवली की या रिलेने काचांना करंट द्यायचा आणि किल्ली काढली की तोडायचा. त्याचे आतले पॉइंट चिकटून बसले होते, त्यामुळे करंट तुटतच नव्हता. आणि चारही दारांच्या स्विचांमधले ते बारीक लाल दिवे रात्रंदिवस जळत होते. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री गाडी शटरच्या आत.

खरी गंमत पुढे आहे. मी विचारलं, पॉइंट चिकटले कशाने? ते काही बोलले नाहीत, ड्रायव्हरच्या दाराची काच अर्धी खाली केली आणि बाजूच्या रबरात बोट फिरवून दाखवलं. बोटाला काळी माती. त्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ, रबर उन्हाने कडक झालेलं. काच त्यात अडकत अडकत चढते, मोटर जोर लावते, करंट तिपटी-चौपटीने वाढतो. त्यातून काच वर टेकल्यावरही माणूस सवयीने बटण दाबून धरतो, तेव्हा मोटर जागीच थबकून आणखी ओढते. हा सगळा करंट त्या एका स्वस्तातल्या रिलेतून जातो. पॉइंट तापतात, ठिणग्या पडतात, एक दिवस चिकटतात. "काच हळू चढते" ही बाबांची तक्रार २०२१ पासूनची होती आणि तिच्यावर उपाय म्हणून एकदा बॅटरी बदलली होती. म्हणजे काचेचं दुखणं आणि बॅटरीचं दुखणं ही दोन दुखणी नव्हतीच.

पॉवर विंडोच्या बहुतेक तक्रारींची अशीच तऱ्हा असते. मोटर जळणं हे त्यातलं सर्वात कमी घडणारं, पण बदलली जाते तीच. काच चार-पाच वेळा वरखाली केल्यावर बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर मोटरमधलं तापमान-संरक्षण आपलं काम करतंय. रबर साफ करा, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. बाजूच्या सीटची काच तिच्या स्वतःच्या बटणावरही चालत नसेल तर आधी ड्रायव्हरचा मुख्य स्विच पाहा. अनेक जुन्या गाड्यांत बाजूच्या दाराचा करंट त्या स्विचमधूनच फिरून जातो, आणि सर्वात जास्त दाबला जाणारा, म्हणून सर्वात जास्त झिजणारा तोच. दार उघड-बंद करताना काच मधेच चालते, मधेच नाही? बिजागरीजवळचा रबरी नळा मागे सरकवून आतल्या वायरी एकेक करून हलक्या ओढून बघा. हजारो वेळा वाकून तांबं आत तुटलेलं असतं, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही. आणि मोटर बदलायच्या आधी, बटण दाबलेलं असताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर बारा आणि मोटरवर आठ येत असतील तर मधले चार वाटेत कुठेतरी, स्विचमध्ये, जोडात नाहीतर अर्थिंगला हरवताहेत. नवी मोटरही तितकीच रडेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मिस्त्रींना या कामाला चाळीस मिनिटं लागली. रिले बदलला, दोन जोड सोल्डर करून नीट बांधले, रबर साफ करून दिलं. मागितले किती? रिलेचे दीडशे आणि मजुरी शंभर. मी विचारलं, एवढेच? तर म्हणाले, "शोधायचे पैसे कोन देते भाऊ? नुसतं पाह्यलं म्हणलं तं लोक शंभर बी काढत नाही. बॅटरी इकली असती तं पाचशे सुटले असते मले."

या वाक्यात सगळं अर्थशास्त्र आहे. चाळीस मिनिटं डोकं घालून खरा दोष काढला तर शंभर रुपये. पाच मिनिटांत बॅटरी बदलून दिली तर पाचशे, वर गिऱ्हाईक खूश, कारण नवीन वस्तू हातात दिसते. मग तो माणूस शोधत बसेल कशाला? मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये वेगळं काही नाही. तिथल्या पोराला महिन्याला इतके पार्ट विकायचेत, आणि जुन्या गाडीत बाहेरून केलेलं वायरिंग दिसलं की "पूर्ण हार्नेस बदला" सांगून मोकळं व्हायचं. त्यालाही मी दोष देत नाही.

आपण मात्र हे समजू शकतो, कारण आपला पगार कशाचा आहे? प्रॉडक्शनमधला एक बग शोधायला तीन दिवस गेले आणि शेवटी बदललेली ओळ एकच, तर कोणी आपल्याला एका ओळीचा पगार देत नाही. तीन दिवसांचा देतात. आपण त्याला "रूट कॉज अ‍ॅनालिसिस" म्हणतो, त्याची मीटिंग लावतो, पीपीटी करतो! आणि तोच माणूस सुट्टीत गावी गेला की मिस्त्रीला म्हणतो, काय भाऊ, एक रिले तर बदलला, अडीचशे कशाचे? आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने माझ्यासमोर पन्नास रुपयांसाठी पाच मिनिटं घासाघीस केली. गाडी चांगली दहा-बारा लाखांची होती.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: शोधायचे पैसे आधीच कबूल केले आणि काही सापडलंच नाही तर? तर द्यायचे. डॉक्टरकडे तपासणीत काही निघालं नाही तर आपण फी परत मागतो का? आणि फसवणूक व्हायचीच असेल तर ती शंभर-दोनशेच्या तपासणीत किती होणार. साडेचार हजारांच्या नको असलेल्या बॅटरीत जास्त होते.

मी त्यांना साडेसातशे दिले. रिलेचे दीडशे, शोधायचे पाचशे, मजुरीचे शंभर, आणि असं फोड करून सांगितलं. त्यांनी आधी "एवढे काहून?" म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा परत करायचा प्रयत्न केला, मग ठेवले. ताई मागून म्हणाली, तुम्ही पुण्याचे लोक रेट बिघडवता. :)

त्यानंतरचा हिशेब असा. गळती ३१० वरून १८ मिलिअँपिअरवर आली. तीच बॅटरी, जी बदलायची म्हणून बाजूला काढणार होतो, चार्ज केल्यावर सकाळी १२.५ व्होल्ट दाखवायला लागली. (रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाहीतर अल्टरनेटरकडे बघा.) मीटर मी बाबांकडेच ठेवला. साधा आहे, असे तीन-चारशे रुपयांत मिळतात. ते रविवारी सकाळी गाडी काढायच्या आधी व्होल्टेज मोजतात आणि इन्व्हर्टरच्या पाण्याच्या तारखा लिहायच्या त्याच डायरीत लिहितात. एक-दोनदा फॅमिली ग्रुपवर फोटोही टाकला: १२.४८. खाली काही मजकूर नाही. विकायचा विषय नंतर कोणी काढलेला नाही.